सोलापूरचा डॉक्टर आणि शेजारची मुलगी

सोलापूरहून बाहेरगावी काय जाते असे कुणी विचारले, तर आमच्याकडचे शाळकरी पोरही न अडखळता सांगेल, चादरी, टॉवेल आणि शेंगांची चटणी. आम्हाला आमच्या मालाचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पुण्यामुंबईचा पाहुणा परत निघाला की एक चादर, एक चटणीचे पाकीट आणि कडक भाकरीची चळत त्याच्या पिशवीत कोंबल्याखेरीज आमचा जीव थंड होत नाही. परंतु १९३८ साली या गावाने एक माणूस बाहेर पाठवला, तो मात्र परत आलाच नाही. आज त्याच्याविषयी चार गोष्टी वाचकांना सांगाव्यात असे मनात आहे.

डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि हकिकत फारशी कुणाला ठाऊक नसते, अशा थोर माणसांत त्यांचा क्रमांक बराच वरचा लागावा. सिनेमा निघाला, तिकिटे निघाली, आमच्या भैया चौकातल्या त्यांच्या घराचे महापालिकेने स्मारक केले. तरीही 'ते चीनमध्ये गेले आणि तिथेच वारले' यापलीकडे आपली गाडी सहसा जात नाही.

या दिवाळीला त्यांची आठवण काढण्याला निमित्त झाले ते आमच्या शेजारच्या वहिनींचे.

वहिनींची धाकटी मुलगी डॉक्टर आहे. बाळंतपणाच्या शास्त्रात तिने पुढचे शिक्षण घेतले, दोन वर्षे सरकारी दवाखान्यात काढली, आणि आता घरात स्थळांची यादी निघायची वेळ आली तेव्हा तिने जाहीर केले की आपण दक्षिण आफ्रिका खंडाकडच्या मलावी नावाच्या देशात दोन वर्षे स्वयंसेवक डॉक्टर म्हणून जाणार आहोत. राहण्याची सोय आणि हातखर्चापुरते पैसे मिळतील, पगार असा नाही. वहिनींचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ते ऐकले, चष्मा पुसला, आणि तेव्हापासून त्या विषयावर ते एक अक्षर बोललेले नाहीत. वहिनी मात्र थेट आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, तुम्ही तिला चार शब्द सांगा. तुमचे ऐकते ती. इथे काय बाळंतिणी कमी आहेत का? अक्कलकोटला जा म्हणावं, मंगळवेढ्याला जा म्हणावं. तिथेही पुण्यच आहे की."

आता वाचकहो, या प्रश्नाला चटकन उत्तर देता येईल असा माणूस मला तरी दाखवा! वहिनींचे म्हणणे चूक आहे असे कोण म्हणेल? मी 'बघू, बोलतो' असे म्हणून वेळ मारून नेली आणि त्या रात्री कपाटातून कोटणिसांवरची पुस्तके काढून बसलो. कारण हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत नसला तरी, १९३८ साली सोलापूरच्या एका मध्यमवर्गीय घरात उभा राहिलाच असला पाहिजे.

त्या वेळचे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. देश पारतंत्र्यात. आमचे सोलापूर तर त्या आगीतून नुकतेच होरपळून निघालेले. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याला फाशी दिले गेले. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढे मुंबईला परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून तो डॉक्टर झाला. घरात बहीणभावंडे बरीच. अशा घरात मुलगा डॉक्टर होतो तेव्हा घरच्यांच्या मनात कोणते बेत शिजत असतात ते दिवाळी अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे? चांगल्या पेठेत दवाखाना, दारावर पितळी पाटी, बहिणींची लग्ने, म्हातारपणी वडिलांना थोडा विसावा.

आणि तिकडे चीनमध्ये जुलै १९३७ पासून जपानी फौजा घुसल्या होत्या. शहरांवर बॉम्ब पडत होते, जखमींना डॉक्टर मिळत नव्हते. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी जमली, आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले. ज्या देशाला स्वतःचे स्वातंत्र्य नाही, त्याने दुसऱ्याच्या मदतीला धावायचे! परंतु मला वाटते, त्या पिढीला त्यात काही विसंगत वाटले नाही. आपल्या घराला आग लागलेली असताना शेजाऱ्याच्या घरावरही एक घागर ओतणारी माणसे असतात, त्यातलीच ती होती.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉक्टर मदन अटल. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉक्टर मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे दोघे, डॉक्टर विजयकुमार बसू आणि डॉक्टर देवेश मुखर्जी. आणि पाचवे आमचे कोटणीस. म्हणजे पाचांतले दोघे आजच्या महाराष्ट्रातले, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

१ सप्टेंबर १९३८ ला मुंबईच्या बंदरातून 'राजपुताना' ही बोट सुटली. कोटणिसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायला चाळीसेक दिवस होते. बोट हाँगकाँगला लागली. तिथून पथक १७ सप्टेंबरला कँटनला पोहोचले. स्वागताला सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग स्वतः आल्या होत्या. हारतुरे झाले असतील, छायाचित्रे निघाली असतील. पण हारतुऱ्यांचा मुक्काम थोडाच टिकतो! महिन्याभरात, २१ ऑक्टोबरला, कँटन जपान्यांच्या हाती पडले. चार दिवसांनी हांकौही पडले. जखमींबरोबर आणि पळणाऱ्या लोकांच्या लोंढ्याबरोबर मागे सरकत, यांगत्से नदीच्या काठाकाठाने हे पथक चुंगकिंगला जाऊन पोहोचले.

चुंगकिंगला दोन गोष्टी घडल्या. एक गोड, एक कडू.

गोड गोष्ट अशी की पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. चिनी भाषेत 'हुआ' म्हणजे चीन. प्रत्येकाच्या नावाशेवटी हे अक्षर जोडले गेले. कोटणिसांचे झाले 'के दिहुआ'. आपल्याकडे सून घरात आली की तांदळाच्या ताटात नवे नाव लिहितात. मला तरी हे बारसे त्याच जातीचे वाटते. नाव बदलले की माणूस त्या घरचा होतो.

कडू गोष्ट म्हणजे घरचे पत्र. सोलापुरात वडील वारले होते.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पुढचा मार्ग येनानचा, म्हणजे आघाडीकडचा. परत फिरायला यापेक्षा सबळ कारण कोणते? कर्ता हात घरात हवा होता, आणि 'तू परत जा' असे त्यांना म्हणणाऱ्याला कुणी नावे ठेवली नसती. कोटणीस गेले नाहीत. त्यांनी पथकाबरोबर पुढचा रस्ता धरला आणि १२ फेब्रुवारी १९३९ ला ते येनानला पोहोचले.

हे योग्य झाले का? मोठ्या माणसांच्या चरित्रात असा प्रसंग आला की लेखक घाईघाईने 'कर्तव्यापुढे भावनेला थारा नव्हता' असे वाक्य टाकून पुढे सरकतात. मला ते वाक्य पटत नाही. भावना नसलेला माणूस परक्या मुलखातल्या जखमी शिपायाची जखम धुवायला गेलाच कशाला असता? उलट भावना दोन्हीकडे होती, आणि दोन्हींपैकी एकीलाच न्याय देता येत होता. घरच्यांनी हा घाव सोसला, त्याला कुठले तिकीट निघाले नाही, कुठला पुतळा नाही.

येनान म्हणजे पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा मुलूख. त्या टेकड्यांत गुहा खोदून माणसे राहत, गुहांतच वर्ग भरत, गुहांतच दवाखाने चालत. परळच्या दवाखान्यात संगमरवरी फरशीवर वावरलेल्या डॉक्टराला तिथे भाषेपासून सुरुवात करावी लागली. कोटणीस चिनी बोलायला शिकले, वाचायला शिकले आणि अखेर चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. ज्यांना शाळेत इंग्रजीच्या व्याकरणाने घाम फोडला असेल त्यांनी या एका गोष्टीसाठी तरी या माणसाला हात जोडावेत!

प्रकृतीच्या कारणाने चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये मायदेशी परतले. अटलही आजारी पडून १९४० मध्ये परतले. उरले बसू आणि कोटणीस. पुढे बसूंचे काम येनानमध्ये राहिले आणि कोटणीस उत्तरेकडच्या डोंगरात, जपानी ठाण्यांच्या वेढ्यातल्या मुलखात गेले. या मुलखात त्यांच्याआधी कॅनडाचे शल्यवैद्य नॉर्मन बेथून काम करीत होते. जखमीवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ ला त्यांचा अंत झाला होता. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांची नेमणूक झाली.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. हे रुग्णालय म्हणजे खेडुतांची घरे, देवळाच्या पडव्या आणि खेचरांच्या पाठीवरच्या पेट्या. जपानी तुकडी येते आहे असे कळले की रुग्णांसकट दवाखाना डोंगरात हलवायचा, ती गेली की पुन्हा मांडायचा. औषधांचा नेहमी तुटवडा. १९४० सालच्या एका मोठ्या मोहिमेत त्यांच्या तुकडीने आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि कोटणीस एकदा सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभे होते असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. ते वाचल्यापासून, दवाखान्यात अर्धा तास थांबावे लागले म्हणून कुरकुरायचे मी सोडून दिले आहे. निदान तसा प्रयत्न चालू आहे!

तिथले लोक त्यांना प्रेमाने 'काळी आई' म्हणत. वर्ण सावळा आणि जीव लावण्याची तऱ्हा आईची, म्हणून. चिनी खेडुताला काय ठाऊक की सोलापूरच्या माणसाला ही हाक कशी ऐकू येईल! आमच्याकडे काळी आई म्हणजे जमीन. ज्या काळ्या रानात आमची ज्वारी पिकते, हुरड्याला आम्ही ज्या रानात जातो, ती. घरापासून हजारो मैलांवर आपल्याच मातीच्या नावाने आपल्याला कुणी हाक मारावी, यापरती पदवी कोणत्या विद्यापीठाने दिली असती?

तिथेच त्यांची कुओ छिंगलान या परिचारिका शिकवणाऱ्या तरुणीशी गाठ पडली. बेथून यांच्या समाधीच्या समारंभात दोघांनी एकमेकांना प्रथम पाहिले. २५ नोव्हेंबर १९४१ ला लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. दोन अक्षरांत आईबापांची दोन्ही घरे आली.

परंतु अपस्माराचे झटके येऊ लागले होते आणि ते वाढत होते. उपचारासाठी आघाडीवरून मागे जा असे वरिष्ठांनी सुचवले. ते गेले नाहीत. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहायला घेतले होते. ते अपुरेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ ला होपेई प्रांतातल्या एका खेड्यात डॉक्टर कोटणिसांनी देह ठेवला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. सोलापूरच्या घराने चार वर्षांत वडील आणि मुलगा दोघे गमावले.

बसू १९४३ मध्ये परत आले. पाच गेले, चार परतले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली या कथेवर इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'आणि एक परत आला नाही' असा आहे. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. डॉक्टरांची भूमिका त्यांनी स्वतः केली, छिंगलानची जयश्रीबाईंनी, आणि संगीत वसंत देसाई यांचे. आमच्या आधीच्या पिढीने कोटणीस पाहिले ते बहुधा या पडद्यावरच.

पडद्यावर गोष्ट जिथे संपते तिथे माणसांची संपत नाही. छिंगलानबाई पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये वारल्या. यिनहुआने बापाचाच मार्ग धरला, वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ते पुरे व्हायच्या आतच १९६७ साली ऐन पंचविशीत तोही गेला. मधे १९६२ साली दोन देशांत युद्ध झाले. त्याची सल अजून कुणाच्या मनातून गेलेली नाही, आणि पुढेही सीमेवर कुरबुरी झाल्याच. तरी शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणिसांची समाधी मानाने उभी आहे. चीनने १९८२ मध्ये त्यांची तिकिटे काढली, आपण १९९३ मध्ये काढले. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा प्रघात कित्येक वर्षे चालत आला. राजकारणी लोक अशा भेटींतून आपले हिशेब साधतात हे मला कळते. पण साधायलाही काहीतरी खरे लागते, आणि ते खरे या सोलापूरच्या माणसाने तयार करून ठेवले होते.

हे सगळे वाचून झाल्यावर मी वहिनींना घेऊन भैया चौकात गेलो. मुलीला मुद्दामच नेले नाही. तिला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असणार. वहिनींनी सगळी छायाचित्रे शांतपणे पाहिली आणि बाहेर आल्यावर एकच वाक्य विचारले, "भाऊजी, त्यांच्या आईला काय वाटलं असेल हो?"

पुस्तके डॉक्टरांवर निघतात, आयांवर निघत नाहीत. मी काही बोललो नाही. वहिनींनाही उत्तर नको होतेच.

रस्त्याने परत येताना त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही मत तिने जावं असंच दिसतंय. म्हणूनच मला इथे आणलंत."

तेव्हा मला बोलावेच लागले. मी म्हणालो, "वहिनी, अक्कलकोटची बाळंतीण आणि मलावीची बाळंतीण यांत मी डावेउजवे करणार नाही. अक्कलकोटला जाणारी डॉक्टरही मला तितकीच थोर. पण मन जिकडे ओढ घेते तिकडे गेलेला माणूस दुप्पट काम करतो. आणि दुसरे असे की, जाणारा प्रत्येक जण कोटणीस होतो असे थोडेच आहे? पाचांतले चार परत आले, हेही विसरू नका."

या चौघांविषयी कुणी फारसे बोलत नाही म्हणून मला इथे चार शब्द बोलू द्या. चोळकरांनी उतारवयात ती बोट पकडली. थकून परत आले, तर त्यांचे जाणे कमी मोलाचे ठरले का? बसूंनी परत आल्यावर चीनशी नाते तोडले नाही. पुढे तिकडून सुया टोचून उपचार करण्याची विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात तिचा प्रसार केला. परत येणे हाही सेवेचाच भाग आहे. नुसता निरोप देऊन चालत नाही, परत आल्यावर दार उघडे ठेवावे लागते, आणि ते काम घरच्यांचे.

शिवाय दक्षिण आफ्रिकेची वाट आपल्याला काही नवी नाही. १८९३ साली एक तरुण बॅरिस्टर वर्षभराच्या कोर्टाच्या कामासाठी तिकडे गेला आणि एकवीस वर्षे अडकला. बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा, १८९९ मध्ये, त्याने सुमारे अकराशे हिंदी लोकांचे पथक उभारले आणि जखमींना डोलीतून वाहून नेण्याचे काम केले. त्यात व्यापारी होते, कारकून होते, आणि बहुसंख्य गिरमिटिया मजूर होते. गांधीजींनी सेवेचे पहिले मोठे धडे गिरवले ते तिथे.

तेव्हा मुलीला मी उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. ज्यांच्या घरात असा बेत शिजत असेल त्या वाचकांनीही ते विचारावेत, म्हणून इथे देतो. बोलावणारी संस्था किती वर्षे काम करते आहे, आणि तिच्याकडून परत आलेल्या दोघातिघांशी तू स्वतः बोललीस का? काम काय आणि कुणाच्या हाताखाली, हे कागदावर आहे का? तिथल्या वैद्यक परिषदेकडे नोंदणी कोण करून देणार? विमा कोण उतरवणार, आणि प्रकृती बिघडली तर परतीचे तिकीट कोण काढणार? हिवतापाची गोळी नेमाने घेणार का? आणि शेवटचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न, तू गेल्यावर तिथल्या मुलींना काय शिकवून येणार? कारण दोन वर्षे शस्त्रक्रिया करून परतणारी डॉक्टर दोन वर्षांपुरती उपयोगी पडते. दहा सुइणींना शिकवून परतणारी, तिच्या माघारीही तिथेच असते. कोटणिसांनी आजारपणातही पुस्तक लिहायला घेतले ते याच जाणिवेने.

पोरीने एकेका प्रश्नाचे उत्तर नीट दिले. दोन प्रश्नांना 'विचारून सांगते काका' म्हणाली आणि आठ दिवसांत खरोखरच विचारून सांगितले. तिथली चिचेवा भाषा शिकायला तिने आधीच सुरुवात केली आहे. हे कळल्यावर माझ्या मनातली निम्मी शंका फिटली.

मग आम्ही दोघांनी मिळून वहिनींना नकाशा दाखवला. मलावी म्हणजे पूर्वीचे न्यासालँड, ६ जुलै १९६४ ला स्वतंत्र झालेला देश. राजधानी लिलाँग्वे. त्याला समुद्र नाही, पण समुद्रासारखे लांबच लांब सरोवर आहे. इथून मुंबई, मुंबईहून अदिस अबाबा, तिथून लिलाँग्वे. घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास, म्हणजे रात्री जेवणे झाल्यावर फोन केला तर तिकडे संध्याकाळ असेल. कोटणिसांच्या घरी एक पत्र यायला किती दिवस लागत असतील त्याचा विचार केला म्हणजे या साडेतीन तासांचे मोल कळते. तिकडची माणसे मक्याचे पीठ शिजवून त्याचा घट्ट गोळा पालेभाजीबरोबर खातात. "म्हणजे आपल्या उकडीसारखंच काहीतरी," वहिनी म्हणाल्या. आणि तिकडे भुईमूग पिकतो हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जरा उजेड दिसला. "शेंगा मिळतात? मग खलबत्ता देते बरोबर. मिक्सरची चटणी काय खरी नव्हे."

"आई, विमानात खलबत्ता?" पोरगी किंचाळली.

"का? लोक टीव्ही आणतात की तिकडून."

सारे ठरले असे मात्र मी म्हणणार नाही. वहिनींचे मन अजून पुरते राजी नाही. रात्री मध्येच उठून त्या मुलीच्या खोलीत डोकावतात. यजमानांचे मौन आहे तसेच आहे. फक्त परवा त्यांनी बँकेच्या पिशवीतून काहीतरी काढून न बोलता मुलीच्या टेबलावर ठेवले. पाहिले तर पासपोर्टच्या मापाचे चामडी पाकीट होते, शिवणीला स्वतःच्या हाताने दोन टाके जास्त घातलेले.

भाऊबीज झाली की ती निघणार आहे. दोन वर्षांनी परत येईल तेव्हा तिला याच सदरात लिहायला लावायचे असे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. तोवर वाचकांपैकी कुणाचे सोलापूरला येणे झाले, तर चादरी घ्या, चटणी घ्या, सिद्धेश्वराचे दर्शन घ्या, आणि अर्धा तास काढून भैया चौकातही जाऊन या. जाताना घरातल्या शिकत्या मुलामुलींना बरोबर न्या. त्यांच्या मनात काय येईल ते आपल्या हाती नाही. पण उद्या त्यांच्यातला कुणी 'मी जातो' म्हणून उभा राहिला, तर एकदम 'नाही' म्हणण्याआधी त्याला बसवून प्रश्न विचारा, आणि त्याची उत्तरे नीट ऐकून घ्या.